अण्णा, तुमचा हिज्कीया अर्धाच राहिला

अण्णा, आपला हॉल गेला.

तुमची शवपेटी विमानात चढली त्याला आज सोळा दिवस झाले. तुमच्या स्मरणाची उपासना तेवढी त्या हॉलमध्ये झाली आणि पुढच्याच शुक्रवारी आम्ही सगळे दाराबाहेर. तुम्ही कुवेतमध्ये तेवीस वर्षं चालवलेली मराठी मंडळी तुमच्यामागे दोन शुक्रवारसुद्धा टिकली नाही. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला बोलू? दुखवायलाच लिहितेय. तुम्ही समोर असता तर 'अगं उषे, आधी पाणी पी' म्हणून मला गप्प केलं असतं. आता करा गप्प.

मागच्या शुक्रवारी सव्वाआठला मी बनेद अल-गारहून बसने पोचले. प्रकाश मंगफहून गाडी भरून माणसं घेऊन आला होता, हार्मोनियम नेहमीसारखी त्याच्या खांद्यावर. जिना चढून वर गेलो तर आपल्या दारावर नेपाळी अक्षरातला कागद, आणि आत वेगळीच माणसं खुर्च्या मांडतायत. मला वाटलं, त्यांची वेळ चुकली असेल. इथे काय, चर्चच्या एका भिंतीच्या आत कितीतरी भाषांच्या मंडळ्या, प्रत्येकीला आठवड्यातून एक ठरलेली वेळ. एकीचं शेवटचं गीत संपायच्या आत दुसरी जिन्यात उभी असते. आपल्या वाट्याला शुक्रवारी साडेआठ ते दहा, वरच्या मजल्यावरची ती एक खोली, जिला आपण मोठ्या थाटात हॉल म्हणायचो.

ऑफिसातल्या थॉमस साहेबांकडे गेलो. त्यांनी फाइल काढली आणि आमच्यासमोर उघडून ठेवली. "सिस्टर, मैं क्या करूँ? पेपर पे एक ही आदमी था, और वो आदमी अब नहीं है." मी म्हटलं, दुसरं नाव असेल की. होतं. दुसरं नाव वसंतरावांचं होतं! जे वसंतराव सहा वर्षांपूर्वी कुवेत सोडून श्रीरामपूरला जाऊन पेरूची बाग बघतायत. तुम्ही दर सप्टेंबरला जागेचा तो फॉर्म भरलात आणि दर सप्टेंबरला तेच नाव लिहिलंत. या वर्षीपासून दोन्ही माणसांच्या बताक्याची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, प्रत जोडायची होती. थॉमस साहेब म्हणाले, तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. नेपाळी मंडळी दोन वर्षं रांगेत होती, त्यांना जागा दिली.

नेपाळी मंडळीचा काय दोष? त्यांच्यातल्या एका बाईने मला बघून ओळख दिली, ती आमच्याच हॉस्पिटलात आहे. तिने मला कपभर चहा आणून दिला. माझ्याच्याने तो घेववेना आणि नाहीही म्हणवेना, म्हणून कप हातात धरून उभी राहिले. सुधीरच्या आई, सत्तर वर्षांच्या, जिन्यावर बसून रडत होत्या. त्या मुलाकडे राहायला आल्यापासून आठवड्यातून एकदाच घराबाहेर पडतात, ते या दीड तासासाठी. इथे त्यांच्याशी मराठी बोलणारं दुसरं कोण आहे? नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात.

तुम्ही म्हणाल, हॉल गेला तर गेला, घरी जमा. अण्णा, तुम्हालाच ठाऊक आहे ते कसं होतं. फ्लॅटमध्ये चाळीस माणसं जमली की हारिस, म्हणजे इथला वॉचमन, वर येतो. बिचाऱ्याला बिल्डिंग सांभाळायची असते, तो काय करणार? मग दहा-दहा जणांनी बसायचं, गीत तोंडातल्या तोंडात म्हणायचं, टाळी वाजवायची नाही. चार घरी चार मंडळ्या झाल्या की वर्षभरात एकही राहणार नाही. हे मी सांगत नाही, तुम्हीच सांगायचात. तुम्हीच आम्हाला दर ऑगस्टला ऐकवायचात की बाबांनो, ही खोली जपा.

आणि ऑगस्ट म्हटला की तुमचा हिज्कीया.

अर्धी मंडळी सुट्टीवर गावी गेलेली असायची. बाहेर घामाने अंग चिकचिकायचं. राहिलेल्या वीस-बावीस डोक्यांना तुम्ही चार शुक्रवार हिज्कीया राजा सांगायचात. यहूदाचा राजा. बापाने देवळाची दारं बंद करून ठेवलेली, पोराने गादीवर बसल्या बसल्या ती उघडली, आतली घाण बाहेर काढली. तुम्ही सांगायला लागलात की असं वाटायचं, तुम्ही स्वतः तिथे झाडू घेऊन हजर होतात. लोकांनी धान्य आणलं, ढीग लागले. "राजाने ढिगांकडे बघून काय केलं? फोटो काढला का? नाही! विचारलं, हे कुठून आलं, कसं ठेवणार, कोण बघणार!" मग कोठारं बांधली. "तू मालक नाहीस बाबा, तू कारभारी आहेस," हे तर तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत की आमची लहान मुलंसुद्धा आइसक्रीम वाटताना एकमेकांना ऐकवायची.

दुसऱ्या शुक्रवारी पाणी. शत्रू येतोय म्हणून राजाने गावाबाहेरचे झरे बुजवले आणि डोंगर पोखरून पाणी शहराच्या आत घेतलं. इथे तुम्ही फुलून यायचात. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आयुष्य काढलेला माणूस, पाइप आणि व्हॉल्व्ह म्हटलं की तुमचा आवाजच बदलायचा. फळ्यावर आकृती काढायचात. "दोन्हीकडून खोदत आले आणि मधे भेटले. लेव्हल कशी काढली असेल? सांगा! राजा असावा तर असा, आपल्या शहराचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते ज्याला माहीत आहे." सुधीर मागून म्हणायचा, "अण्णा, शटडाउन घेतला असेल." सगळे हसायचे. तुम्ही सगळ्यात जास्त.

आणि तो नावांचा भाग. कोठारावर राजाने एक माणूस नेमला, आणि त्याच्या हाताखाली दुसरा, त्याचाच भाऊ. दोघांची नावं लिहिलेली आहेत. ती दोन नावं तुम्ही दर वर्षी मोठ्याने वाचायचात, बोट वर करून. एक माणूस आणि त्याच्यामागे दुसरा! अहो अण्णा, ते वाचताना तुम्हाला आपला फॉर्म एकदाही आठवला नाही?

आठवला असणार. तुम्ही विसरणारे नव्हतात. तुमच्याइतका हँडओव्हरचा वेडा माणूस मी पाहिला नाही. मी नवीन नर्स म्हणून आले तेव्हा तुम्ही पहिल्याच ओळखीत विचारलं होतंत, "वॉर्डात ओव्हर कशी देता? बेडपाशी उभं राहून की टेबलावर बसून?" मी म्हटलं, बेडपाशी. तर म्हणालात, "शाब्बास, नगरची पोर शोभतेस." मग स्वतःचं सांगितलंत. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस येऊन, सगळं ऐकून, लॉगबुकात सही करेपर्यंत तुम्ही खुर्ची सोडायचा नाहीत. एकदा पुढचा माणूस वाळूच्या वादळात अडकला तर तुम्ही आणखी सात तास बसून राहिलात, जेवणाशिवाय. वहिनी अजून सांगतात. तुम्ही म्हणायचात, चांगलं काम केलं आणि ओव्हर दिली नाही तर ते काम केलंच नाही. मी माझ्या ज्युनियर मुलींना हेच सांगते, तुमचं नाव घेऊन सांगते. आता कुठल्या तोंडाने सांगू?

मला माहीत आहे तुम्ही का लिहिलं नाहीत. सगळ्यांना माहीत आहे. सुधीरचं नाव लिहावं तर तो नगरचा, तुम्हीही नगरचे, म्हणजे जालनावाले म्हणणार, बघा, शेवटी आपल्यातलाच. प्रकाशचं लिहावं तर तो जालन्याचा, आणि तुमचे स्वतःचे साडू आणि मेव्हणे तोंड फिरवणार. देवाच्या घरात नगर आणि जालना! हसावं की रडावं? पण ज्या मंडळीत नाताळच्या मटणाला वाटण कुणाचं, नगरचं काळं की जालन्याचं लाल, यावरून दोन वर्षं दोन पातेली वेगवेगळी लागली, तिथे फॉर्मवरच्या नावावरून काय झालं असतं ते मलाही कळतं. वसंतराव होते तोवर ठीक, ते श्रीरामपूरचे, पण जालन्याचे जावई, म्हणून दोन्हीकडचे. ते गेल्यावर तुम्ही काय केलंत? भिजत घोंगडं ठेवलंत. सहा वर्षं!

मी एकदा म्हटलं होतं, अण्णा, नर्सेस निम्म्या आहेत मंडळीत, एखाद्या बाईचं नाव लिहा. तुम्ही म्हणालात, "तू बाई आहेस म्हणून नाही गं, पण लोक..." आणि वाक्य तिथेच सोडलंत. ते वाक्य मी विसरले नाही. तुमच्या तोंडून ते मला अपेक्षित नव्हतं.

आता पंधरा वर्षांचं बोलू. तिसऱ्या शुक्रवारी हिज्कीया आजारी पडायचा. मरणार म्हणून निरोप आला, त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि ढसाढसा रडला, आणि देवाने त्याला आणखी पंधरा वर्षं दिली. अंजिराचा लेप लावला, फोड बरा झाला. मी पुढच्या खुर्चीवरून चिडवायची, "अण्णा, ड्रेसिंग कुणी केलं ते सांगा, सिस्टरचं नाव नाही का लिहिलं?" तुमची बायपास झाल्यापासून मात्र तुम्ही त्या चिडवण्यावर हसेनासे झालात. त्या वर्षी तुम्ही शर्टाचं वरचं बटण काढून व्रण दाखवलात आणि म्हणालात, "मलाही हिज्कीयाची पंधरा मिळालीत." आम्ही रडलो. पंधरातली सात मिळाली तुम्हाला. या ऑगस्टला दोनच शुक्रवार सांगून झाले, तिसऱ्याच्या आधी तुम्ही ॲडमिट झालात.

पण तुमचा चौथा शुक्रवार! चौथ्या शुक्रवारी तुम्ही परत पहिल्यापासून उजळणी घ्यायचात. कोठारं, पाणी, प्रार्थना, पंधरा वर्षं, आमेन, चला चहा. पुढचं पान तुम्ही कधी उघडलंच नाहीत. मी उघडलं होतं. चार वर्षांपूर्वी तुमच्या गाडीत, माझ्या बिल्डिंगखाली, एसी चालू ठेवून आपण अर्धा तास भांडलो, आठवतं? वहिनी मागे बसल्या होत्या, हातात भाजीची पिशवी.

मी म्हटलं, "अण्णा, बरं झाल्यावर राजा काय करतो ते तुम्ही का सांगत नाही? बाबेलचे लोक भेटायला येतात आणि हा त्यांना सगळं घर दाखवतो. सोनं, शस्त्रं, कोठारं, काही ठेवत नाही दाखवायचं."

"माणूस आनंदात होता गं. दाखवलं."

"आणि यशया संदेष्टा येऊन सांगतो, हे सगळं एक दिवस बाबेलला जाणार, तुझी मुलंसुद्धा नेतील. त्यावर हा काय म्हणतो? बरं आहे म्हणतो! माझ्या हयातीत तर शांतता राहील ना, मग बरंच आहे. स्वतःच्या पोरांबद्दल, अण्णा!"

तुम्ही एसी एक घर कमी केलात. मग म्हणालात, "थकला असेल, उषे. आयुष्यभर लढून माणूस थकतो. त्याला दोन दिवस शांतता हवी असेल, त्यात एवढं काय?"

"आणि मनश्शे?" मी सोडत नव्हते. हिज्कीयाचा पोरगा मनश्शे बारा वर्षांचा असताना गादीवर बसला. पंधरातून बारा वजा केले की पोरगा त्या जास्तीच्या वर्षांतच जन्मला. त्याने बापाने उभं केलेलं सगळं मोडलं. "बारा वर्षं बापाने त्याला काय शिकवलं? बोगदा खोदायला वेळ होता, पोराला जवळ घेऊन बसायला नव्हता?"

तुम्ही म्हणालात, "ते पुढचं पुढे कधीतरी बघू. उतर आता, मला फहाहीलपर्यंत जायचंय." वहिनी मागून म्हणाल्या, "अगं, त्यांना उपाशीपोटी वाद घालायला लावू नको." मी दार आपटून उतरले. तुम्ही खिडकी खाली करून म्हणालात, "दार हळू, पोरी, गाडी कंपनीची आहे." मला हसू आलं आणि राग तसाच राहिला. तो वाद आपण पुन्हा काढला नाही. मला वाटायचं, तुम्हाला उत्तर सुचलं नाही म्हणून. आता वाटतं, तुम्हाला मी कुणाबद्दल बोलतेय ते बरोबर कळलं होतं.

तुमच्यावर एवढी चिडलेय तरी मधेच काहीतरी आठवतं आणि पेन खाली ठेवावं लागतं. विमानं बंद होती त्या वर्षी माझी आई नगरला वारली. मला जाता येत नव्हतं. नवरा ड्यूटीवर अडकलेला. संचारबंदी पाचला लागायची. तुम्ही दुपारी फहाहीलहून निघून माझ्या बिल्डिंगखाली येऊन उभे राहिलात. वर यायची बंदी होती. मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, तुम्ही खाली रस्त्यावर टोपी काढून, आणि मधे फोन. तुम्ही माझ्या आईसाठी प्रार्थना केलीत, सगळी, पाळकसाहेबांनी करावी तशी, एकही ओळ न गाळता. उन्हाने तुमचं टक्कल लाल झालं होतं. हारिस तुमच्या शेजारी येऊन उभा राहिला, त्याला एक शब्द कळत नव्हता, तरी तोही मान खाली घालून थांबला. मग तुम्ही वर बघून म्हणालात, "जेव काहीतरी," आणि पाचच्या आत घरी पोचायला पळालात. माझ्या आईला माती द्यायला मी नव्हते, पण त्या दुपारी मी एकटी नव्हते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. अण्णा, त्या दुपारचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फेडायची काही सोय आता उरली नाही.

मग त्याच माणसाने आम्हाला असं कसं रस्त्यावर सोडलं?

हॉस्पिटलात मी तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा ड्यूटीच्या कपड्यातच आले होते. तुमच्या मॉनिटरकडे बघितलं आणि मला कळलं. तुम्हालाही माझा चेहरा बघून कळलं, नर्सला चेहरा लपवता येत नाही म्हणतात ते खोटं, आम्हाला लपवता येतो, पण तुमच्यापुढे जमलं नाही. मी म्हटलं, अण्णा, हॉलचं काय करायचं, सप्टेंबर आला. तुम्ही माझा हात थोपटून म्हणालात, "मिटेल गं सगळं." एवढंच. पाणी मागितलंत. मी चमच्याने दिलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मागच्या शुक्रवारी, तो सगळा तमाशा झाल्यावर, मी नगरला वहिनींना फोन लावला. विचारलं, वहिनी, ऑफिसातून पत्रं आली होती का? त्या म्हणाल्या, "गाडीच्या कप्प्यात आहेत बघ. मी म्हटलं होतं त्यांना, अहो, एकदाचं कुणाचं तरी नाव लिहून टाका. तर म्हणाले, मी आहे तोवर तर कुणी काढत नाही ना आपल्याला? मग पुढचं पुढचे बघतील." गाडी कंपनीला परत करायची म्हणून किल्ली प्रकाशकडे होती. त्याने कप्पा उघडला. तीन पत्रं निघाली. दोन वाचलेली, एक फोडलेलंसुद्धा नाही.

म्हणजे तुम्ही ते पान वाचलं होतं अण्णा. आम्हाला सांगितलं नाहीत, पण वागलात मात्र त्याच पानाप्रमाणे. माझ्या हयातीत शांतता राहिली, बरं झालं. तुमच्या शेवटच्या नाताळला एकच पातेलं लागलं, सगळे एका पंगतीला बसले, तुम्ही डोळे पुसत फोटो काढलेत. त्या एका फोटोसाठी सुधीरच्या आई आज घरात बसून आहेत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते सांगता येत नाही.

हे सगळं मी प्रकाशला बोलले, सुधीरला बोलले, जिन्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांपुढे बोलले. अण्णांनी आपल्याला बुडवलं म्हणाले. प्रकाशने विचारलं, "पण आपल्यातल्या कुणालाच कसं कळलं नाही?" मी म्हटलं, "कुणालाच माहीत नव्हतं."

अण्णा, मला माहीत होतं.

ईस्टरच्या आधी, खाली अंगणात चहाच्या टेबलापाशी थॉमस साहेबांनी मला गाठलं होतं. "सिस्टर, अपने अण्णा को बोलो, दूसरा नाम दे दें. नहीं तो इस साल के बाद जगह नहीं मिलेगी." इतकं स्पष्ट. मी म्हटलं, "बोलती हूँ." आणि बोलले नाही. तुम्हालाही नाही, प्रकाशलाही नाही, घरी नवऱ्यालाही नाही. त्याच आठवड्यात मला आयर्लंडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. नोव्हेंबरात हजर व्हायचं. मुलीच्या कॉलेजचं तिथे होईल म्हणून आम्ही दोघांनी तीन वर्षं धडपड केली होती, परीक्षा दिल्या होत्या. मंडळीत कुणाला सांगितलं नव्हतं. हॉलचा विषय काढला असता तर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाला असता, मग लिही तुझं नाव. आणि मला सांगावं लागलं असतं की मी चाललेय. किंवा नगर-जालन्याच्या त्या भांडणात मी स्वतः उभी राहिले असते, जाता जाता सगळ्यांशी वाईट होऊन. मी स्वतःला म्हटलं, सहाच तर महिने आहेत. मी इथे आहे तोवर तरी नको ते भांडण.

अगदी हेच शब्द. मी ते मनात म्हटले तेव्हा मला हिज्कीया आठवला नाही. आठवायला हवा होता, मीच तर तुमच्याशी त्याच्यावरून दार आपटून भांडले होते.

हॉस्पिटलात मी सप्टेंबरचं विचारलं ना तुम्हाला, तेव्हाही मी ते हॉलसाठी विचारलं नाही. तुमच्या तोंडून 'मिटेल' ऐकायचं होतं म्हणून विचारलं, म्हणजे मी मोकळी. तुम्ही म्हणालात आणि मी लगेच पाणी द्यायला वळले. पुढे एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही शुद्धीवर होतात, तुमचा बताका उशीखाली होता, प्रकाश बाहेर बाकावर बसला होता. पाच मिनिटांचं काम होतं. आणि जिन्यावर सगळ्यांपुढे मी तुमचं नाव घेऊन ओरडले, कारण तुम्ही उलट उत्तर द्यायला येणार नव्हतात.

उद्या सकाळी प्रकाशच्या घरी मंगफला दहा जण जमणार आहेत, पडदे लावून, हळू आवाजात. सुधीरच्या आईंना तिथले लिफ्टशिवायचे तीन मजले चढवत नाहीत म्हणून त्या येणार नाहीत. मी तिथे उभी राहून सांगणार आहे की मला ईस्टरपासून माहीत होतं. मग सुधीर माझ्याशी बोलणार नाही, प्रकाश तर त्याहून नाही, आणि ते बरोबरच आहे. सांगितल्याने हॉल परत येत नाही, तेही मला ठाऊक आहे.

मी सांगेन, शिव्या खाईन, चहा घेईन. पण ऑक्टोबर अखेरचं तिकीट काढलेलं आहे अण्णा, आणि ते मी रद्द करणार नाहीये.